वाचकांचे प्रश्न: घरी बसलेला फौजदार आणि न हसणारे चार मित्र

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की नोकरी गेलेला पोलीस हा विनोदी गुन्हेकथेचा हिरो म्हणून एकदम फिट माणूस आहे, पण आपल्याकडे त्याच्यावर लिहायला कुणी बसत नाही. चूक झाली. बसलेत, बरेच जण बसलेत, आणि सगळ्यांनी एकाच महिन्यात मला पत्रं पाठवलीत. जेवढी जमली तेवढी घेतोय. बाकीच्यांनी रागावू नका, तुमची पानं वाचतोय.

माझ्या कादंबरीचा नायक दत्ता हा माजी पीएसआय आहे. लाच घेताना पकडला गेला, नोकरी गेली, आता एका मंगल कार्यालयात पार्किंग सांभाळतो. तिथे लग्नात नवरीचे दागिने चोरीला जातात आणि तो स्वतःच तपास सुरू करतो. साठ पानं झालीत. तो सारखा घसरून पडतो, पँट फाटते, कुत्रं मागे लागतं. चार मित्रांना वाचायला दिली, एकजण पण हसला नाही. काय चुकतंय? (सांगलीहून एक वाचक)

पँट चुकतेय.

म्हणजे बघा, पँट कुणाचीही फाटते. तलाठ्याची फाटेल, माझी फाटेल, त्यात दत्ता फौजदार होता याचा काय संबंध? जे फक्त पोलीस राहिलेल्या माणसाचंच फाटू शकतं ते शोधा.

मी अठरा वर्षं जिल्ह्याच्या पेपरला क्राईम केलं. रोज संध्याकाळी पोलीस स्टेशनला चक्कर असायची. एका स्टेशनला एक रिटायर हवालदार यायचे, रोज, सहा वाजता, इस्त्रीचा शर्ट घालून. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर बसायचे, चहा यायचा, पेपर वाचायचे. काही काम नाही. पण साहेबांची गाडी आत वळली की त्या आख्ख्या स्टेशनात सगळ्यात आधी उभे राहायचे ते. नोकरीतली पोरं अजून मोबाईल खिशात घालतायत तोवर यांची टाच जुळलेली. आणि साहेब त्यांच्याकडे न बघता आत जायचे, कारण साहेब नवीन, ओळखतच नव्हते. मग ते परत बसायचे आणि पेपर जिथे सोडला होता तिथून वाचायला लागायचे. मी हसलो होतो तेव्हा, आणि घरी जाताना वाईट वाटत राहिलं. तुमच्या दत्ताला ती टाच द्या.

दत्ताकडून नक्की काय गेलंय ते आधी ठरवा. पगार गेला, मान गेला, हे सगळे लिहितात. खरं गेलंय ते म्हणजे "ए, इकडे ये" म्हटल्यावर माणूस येण्याची गॅरंटी. आधी जी गोष्ट त्याला एका आवाजात मिळायची ती आता रांगेत उभं राहून मिळवायची आहे. उदाहरण देतो. चोरीचा एफआयआर झाला, दत्ताला तो वाचायचाय. आधी हाक मारली असती, "राईटर, कागद आण." आता? आता एफआयआर संवेदनशील नसेल तर पोलिसांच्या वेबसाईटवर पडतो, सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये तसा आदेश दिलाय, त्यामुळे कुणीही नागरिक डाऊनलोड करू शकतो. दत्ता आता "कुणीही नागरिक" आहे. तो सायबर कॅफेत बसून कॅप्चाची वाकडी अक्षरं तीनदा चुकीची टाकतोय आणि मागे कॉलेजची मुलगी म्हणतेय, "काका, स्मॉल लेटर आहे ते." हा सीन लिहा, घसरून पडायची गरजच लागणार नाही.

दुसरं, तुमचा दत्ता बोलतो अगदी पुस्तकातल्यासारखा. अहो, पोलिसी मराठी ही सोन्याची खाण आहे आणि तुम्ही तिच्यावर बसून बाहेर विनोद शोधताय. सदर इसम. २३.३० वा. चे सुमारास. मजकूर ठिकाणी. विचारपूस करता उडवाउडवीची उत्तरे दिली. ज्याने वीस वर्षं पंचनामे लिहिलेत त्याच्या डोक्यात ही भाषा कायमची बसते, घरी दूध उतू गेलं तरी तो म्हणणार, "सदर दुधाकडे लक्ष असताना फोन आल्याने..." आणि हे तो गंमत म्हणून नाही, सिरियसली म्हणणार, तरच हसू येईल. तुमच्या पान एकतीसवरचा कॅटररचा प्रसंग मी माझ्या पद्धतीने लिहून बघितला, रागावू नका:

दत्ताने वही काढली. "काल रात्री साडेअकरा ते बारा कुठे होतास?"
"जिलबी तळत होतो. तुम्ही ती पांढरी अल्टो काढा आधी, वऱ्हाडाची बस अडकलीय."
दत्ता अल्टो काढायला गेला. जाता जाता वहीत लिहिलं: २३.३० ते ००.००, सदर इसम जिलबी तळत असल्याचे सांगतो. खात्री करणे आहे.

बस, एवढंच. कॅटररला दत्ता पार्किंगवालाच दिसतो आणि दत्ताला स्वतःत फौजदारच दिसतो. दोघांपैकी कुणीच जोक मारत नाहीये.

आता एक तपशील सुधारा. लाचेच्या ट्रॅपमध्ये पकडला आणि लगेच नोकरी गेली असं तुम्ही दाखवलंय, तसं सहसा होत नाही. आधी निलंबन, मग वर्षानुवर्षं केस, खात्याची चौकशी म्हणजे त्यांच्या भाषेत डीई, शिक्षा लागली तर बडतर्फी. आणि ट्रॅप कसा लागतो ते तुम्ही एका ओळीत उडवून लावलंत, तिथे तर सगळा मसाला होता! नोटांना अँथ्रासिन पावडर लावलेली असते, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला की नोट हाताळणाऱ्याची बोटं निळसर चमकतात. आता विचार करा, मंगल कार्यालयात संगीतचा कार्यक्रम, डीजेने निळे-जांभळे लाईट सोडले, सगळ्यांचे पांढरे शर्ट चमकायला लागले, आणि आपला दत्ता लांब गाड्यांपाशी उभा आहे आणि त्याने दोन्ही हात पटकन खिशात घातले. सहा वर्षं झाली त्या ट्रॅपला. पावडर कधीच धुतली गेलीय. तरी घातले. हे एका वाक्यात लिहा आणि पुढे चला, समजावत बसू नका.

माझा नायक निलंबित आहे आणि त्याने प्रायव्हेट डिटेक्टिव्ह एजन्सी काढलीय. लायसन्स कुठून मिळतं ते कथेत दाखवायचंय. माहिती द्याल का? (पुण्याहून एक वाचक)

लायसन्सचा सीन काढून टाका, कारण तसं लायसन्सच नाहीये. सिक्युरिटी गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या कायद्याने परवाना लागतो. डिटेक्टिव्ह एजन्सीसाठी २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं होतं, त्याचा कायदा काही झाला नाही. म्हणजे वॉचमन पुरवायला सरकारची परवानगी पाहिजे आणि कुणाच्या नवऱ्यावर पाळत ठेवायला पाटी रंगवली की झालं.

पण तुमची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती तुम्हाला मी फुकट देतोय. निलंबित माणसाला निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला साधारण अर्धा पगार अधिक त्यावरचा महागाई भत्ता, तीन महिन्यांनंतर तो वाढू शकतो किंवा कमीपण होऊ शकतो, उशीर कुणामुळे झाला त्यावर. आणि हा भत्ता घ्यायला लिहून द्यावं लागतं की मी दुसरी कुठलीही नोकरी, धंदा, व्यवसाय करत नाही. दिसतंय का? तुमचा हिरो सोमवारी एजन्सीचं व्हिजिटिंग कार्ड वाटतो आणि मंगळवारी त्याच पेनने सही करतो की मी काहीच करत नाही. त्यात निलंबनाच्या काळात नेमून दिलेल्या मुख्यालयात राहायचं, परवानगीशिवाय सोडायचं नाही. मग संशयिताच्या मागे साताऱ्याला जाताना तो कुणाकुणाला चुकवणार? खुन्यापेक्षा त्याला मुख्यालयातल्या क्लार्कची जास्त भीती वाटली पाहिजे. मला तरी वाटली असती.

आणि एक, जुनं ओळखपत्र दाखवून तो लोकांना बोलतं करतो असं तुम्ही तीनदा लिहिलंय. बडतर्फ झाल्यावर असं केलं तर तो स्वतःच आरोपी, पोलीस असल्याची बतावणी हा गुन्हा आहे, आयपीसीच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेत कलम २०४. म्हणून हुशार माजी पोलीस "मी पोलीस आहे" असं कधीच म्हणत नाही. तो दारात उभा राहतो, घराकडे वरपासून खालपर्यंत बघतो, आणि विचारतो, "किती जण राहता?" बाकीचं समोरचा माणूस स्वतःच समजून घेतो.

खून झालाय आणि आपण हसवतोय हे बरं दिसतं का? घरच्यांनी नावं ठेवली. (नागपूरहून एक वाचक)

प्रेताला हसू नका, बाकी सगळ्यांना हसा. प्रेताभोवती जी माणसं जमतात, कुणाच्या हद्दीत आहे यावरून भांडणारे, "मी आधीच म्हटलं होतं" म्हणणारे शेजारी, पंच म्हणून सही करायला कुणी तयार नाही म्हणून कायम तोच एक पानवाला, तिथे काय कमी गंमत आहे का.

आणि खूनच पाहिजे असं कुणी सांगितलं? मुंबईतला सगळ्यात भारी विनोदी गुन्हा बिनरक्ताचा आहे. १९ मार्च १९८७. ऑपेरा हाऊसला त्रिभुवनदास भीमजी झवेरींचं दुकान. एका माणसाने आधी पेपरात जाहिरात दिली की गुप्तचर अधिकारी पाहिजेत, ताजमहाल हॉटेलात इंटरव्ह्यू घेतले, २६ जण निवडले, त्यांना बसमध्ये घालून दुकानावर आणलं आणि सीबीआयची धाड म्हणून आत घुसवलं. त्या पोरांना वाटलं ही आपली ट्रेनिंगची रेड. पहिला दिवस होता ना नोकरीचा! मन लावून काम केलं असणार. दागिने नमुने म्हणून जमा झाले, बॉस ते घेऊन बाहेर पडला, आणि तो जो गेला तो आजतागायत सापडला नाही. मला त्या चोराचं एवढं नवल वाटत नाही. मला तो सव्वीसावा पोरगा दिसतो, जो बराच वेळ गेल्यावर पण दारात कडक उभा आहे आणि मालकाला सांगतोय, साहेब आल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही. तुम्ही त्याच्यावर लिहा ना. आज तो साठीचा असेल.

घरच्यांना हे वाचायला द्या.

हिरो अपयशीच का पाहिजे? यशस्वी पोलिसावर विनोदी लिहिता येत नाही का? (मडगावहून एक वाचक)

येतं की. तुमच्या गोव्यातलीच गोष्ट घ्या. कुख्यात खुनी चार्ल्स शोभराज मार्च १९८६ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगातून पळाला, पहारेकऱ्यांना वाढदिवसाची गुंगीची मिठाई चारून. आणि एप्रिलमध्ये मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी त्याला पर्वरीच्या 'ओ कोकेरो' हॉटेलात पकडला. झेंड्यांनी त्याला १९७१ मध्येपण एकदा पकडलं होतं, म्हणजे हे भेटणं दुसऱ्यांदाचं. पुढे त्याच हॉटेलात शोभराजचा पुतळा बसवला! पकडणाऱ्याचा नाही, पकडलेल्याचा. यशस्वी पोलिसाच्या गोष्टीतला विनोद हा असा शेवटी येतो, बाजूने येतो.

पण दोनशे पानं ओढायची असतील तर पडलेला माणूस बरा पडतो. यशस्वी माणसाला केस सुटली नाही तर दुसरी केस मिळते. आपल्या माणसाकडे ही एकच आहे आणि तीपण त्याची नाही.

दारुडा दाखवला तर चालेल का? (लातूर)

नको. फारच झालेत. त्याला शुगर द्या.

माझा हवालदार २०१५ ला नोकरीतून गेला, कथा आत्ता घडते. कलमं जुनी लिहू का नवी? (ठाण्याहून एक वाचक)

दोन्ही, आणि भांडण लावून द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, खुनाचं तीनशे दोन आता १०३ झालं, खुनाच्या प्रयत्नाच्या तीनशे सातचं १०९, फसवणुकीच्या चारशे वीसचं ३१८. तुमच्या माणसाने आयुष्यभर "तीनशे दोन लावीन" म्हणून लोकांची झोप उडवली. आता तो एखाद्या पोराला तेच म्हणतो आणि पोरगा मोबाईलवर बघून म्हणतो, "अंकल, तीनशे दोन आता धार्मिक भावना दुखावल्याचं आहे." (खरंच आहे, चेक करा.) एखाद्या माणसाची अख्खी धमकी एक्स्पायर झाली यापेक्षा वाईट त्याच्या बाबतीत काय होणार.

झडती-जप्तीचं पण बदललंय, आता व्हिडिओ शूटिंग करावं लागतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम १०५. तुमच्या हवालदाराच्या वेळी पंचनामा टपरीवर चहा पीत लिहिला जायचा असं दाखवायचं असेल तर आता नवीन पोरगी पीएसआय मोबाईल धरून उभी दाखवा आणि हा फ्रेममध्ये येऊ नये म्हणून तिने हातानेच बाजूला केलेला. एक रँकची चूकपण सांगतो, तुम्ही पीएसआयनंतर (उपनिरीक्षक) डायरेक्ट पीआय (निरीक्षक) लिहिता. आपल्या महाराष्ट्रात मधे एपीआय, म्हणजे सहायक निरीक्षक असतो. पोलीस लाईनमधले वाचक तिथेच पुस्तक मिटतात.

बोली वापरू का प्रमाण मराठी? संपादक म्हणतात विकलं जाणार नाही. (कोल्हापूरजवळून)

संपादकांना माझ्याकडे पाठवा. निवेदन कसंही ठेवा पण तोंडात बोलीच पाहिजे, आणि साहेबासमोर तोच माणूस प्रमाण मराठी बोलायला जातो आणि मध्येच "व्हय" निसटतं, तिथे तुमचं काम झालं. फक्त प्रत्येक वाक्याला "रांडेच्या" घालू नका, बोली म्हणजे शिव्या नव्हे. तुम्हाला कोल्हापूरजवळ राहून हे मी सांगायचं म्हणजे...

मी लेखिका नाही. माझे मिस्टर पोलीस खात्यातून तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. तुमच्या मागच्या लेखात पोलिसाची बायको म्हणजे कटकट करणारी असं लिहिलंत ते मला आवडलं नाही. आमच्याकडे उलट आहे. हॉटेलात गेलं की हे दाराकडे तोंड करून बसतात, मला कायम भिंत बघत जेवावं लागतं. सोसायटीत कुणाची नवी गाडी आली की नंबर पाठ. परवा कामवालीला "शेवटचं कधी पाहिलंस?" असं विचारलं, आणि विषय खिसणीचा होता. मी कटकट करत नाही, मी साक्षीदार आहे. (नाशिकहून एक वाचक)

ताई, आधी माफी. मागच्या वेळी घाईत लिहिलं आणि सगळे लिहितात तेच लिहिलं.

आणि आता ऐका. वरच्या सात जणांनी मिळून मला चारशेच्या वर पानं पाठवलीत आणि त्यातल्या एकातही तुमच्या त्या खिसणीच्या तोडीची ओळ नाही. दाराकडे तोंड करून बसणारा माणूस हजार जणांना माहितीय, पण समोर भिंत बघत जेवणारी बाई कुणी लिहिलेली नाही. तिला काय दिसतं? तिला नवऱ्याचा चेहरा दिसतो आणि त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेलेली दिसते, प्रत्येक वेळी दार उघडलं की. मला वाटतं गुन्हा तिनेच सोडवावा. तो दाराकडे बघत बसेल आणि चोर भिंतीच्या बाजूला, किचनच्या दारातून येईल, जिथे फक्त तिचं लक्ष आहे. श्रेय अर्थातच तो घेईल. घेऊ दे, तिला त्याचं काय करायचं ते तुम्हाला जास्त चांगलं माहितीय.

लेखिका नाही वगैरे मला सांगू नका. दहा पानं पाठवा, हाताने लिहिलेली चालतील, शुद्धलेखन मी बघतो. मिस्टरांना एवढ्यात दाखवू नका, ते दुरुस्त्या करतील आणि सगळ्यात वर "विषय:" लिहितील.

खिसणी सापडली का, ते पण कळवा.